बाकी ठेवायची तुझी खोड

हेमंत, शुक्रवारपर्यंत विमान कंपनीला कळवायचं आहे. सप्टेंबरची दोन तिकिटं, जाताना मेलबर्न ते पॅरिस, येताना मँचेस्टरहून परत. तुझं रद्द होणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. माझ्या तिकिटाचं काय करायचं हा प्रश्न आहे, आणि तो तू माझ्या गळ्यात घालून निघून गेलास. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. "टेक युअर टाइम, नो वरीज," म्हणाली. मला इतका राग आला! नो वरीज म्हणे. मी नुसतं थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

तुझे दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी डबे यायचे थांबत नाहीत. तुझी ती मागच्या गल्लीतली सुजाता, जिच्या आमटीला तू तोंडावर छान म्हणायचास आणि घरी येऊन नावं ठेवायचास, ती एक दिवसाआड येते. काल तिकिटांचं निघालं.

"कॅन्सल करून टाक बाई," ती म्हणाली. "वर्षाच्या आत कसली टूर? आणि एकटीने? लोक काय म्हणतील ते सोड, तुलाच झेपणार नाही."

"टूर नाहीये गं. त्याची बाकी आहे तिकडे."

"बाकी? कसली?" तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिला वाटलं, तू युरोपात कुणाचे पैसे बुडवून आलास.

आता तिला काय सांगू? तुझी ही खोड दुसऱ्याला समजावून सांगायला गेलं की ती वेडेपणाचीच वाटते. मी आमटीचा डबा रिकामा करून तिच्या हातात दिला आणि विषय बदलला.

खोड पश्चिम ऑस्ट्रेलियातली, कालगुर्लीतली. खाणीतली तुझी पहिली नोकरी, नजर पोचेल तिथवर लाल सपाट जमीन, आणि सुट्टी जोडून मिळाली की गाडी हाकत एस्परन्सचा समुद्र. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आपण एकामागून एक सगळे किनारे पाहिले, शेवटचा तेवढा राहिला. गाडी लावायची, वाळूतून चार पावलं टाकायची, की समोर पाणी. तू गाडीच थांबवली नाहीस. "हा बाकी ठेवू," म्हणालास. मी विचारलं, का? तर म्हणे, "आपण कुणाच्या घरून निघताना जातो म्हणतो का? येतो म्हणतो. मग गावाला पण तसंच सांगायला नको? काहीतरी न बघता निघायचं. म्हणजे परत यावंच लागतं." मला ते तेव्हा इतकं आवडलं की मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं. पुढच्या वर्षी आपण खरंच गेलो, तो किनारा पाहिला, आणि निघताना तू दुसरीकडचा एक बाकी ठेवलास.

नव्या नवरीला जे आवडतं ते तिला पंचवीस वर्षं आवडलंच पाहिजे असं नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही. माझा पिंड हातात घेतलेलं संपवण्याचा. ऑफिसात मी त्याचाच पगार घेते. आणि घरी हा नवरा, ज्याला प्रत्येक गावात एक दार उघडं टाकून यायचं असतं.

त्यात तुझं ते निवांत फिरणं. आपल्या ओळखीतले लोक युरोपला जातात आणि एका दमात निम्मा नकाशा संपवून येतात. गेल्या वर्षी आपण अख्खा दिवस विमानात अंग आखडून घेतलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात तीन आठवडे जाऊन बसलो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो. दुपारी बारा वाजले की सगळं गाव झडपा लावून घेतं आणि तीनशिवाय उघडत नाही, हे कळल्यावर तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जन्मजात पुणेकर तू, दुकानं दुपारी बंद म्हटल्यावर तुला माहेरी आल्यासारखंच झालं. घड्याळ काढून तू ते फ्रीजवर ठेवलंस आणि परत निघेपर्यंत हाताला लावलं नाहीस.

बाजाराच्या दिवशी तुझा आणखी एक छळ. प्रत्येक टपरीवरून एकच वस्तू घ्यायची. एका बाईकडून एक टोमॅटो, दुसऱ्याकडून एक पीच, तिसरीकडून एक वांगं. तुला फ्रेंच येत नाही, मला येत नाही, आणि तू एका वांग्यावर पाव तास गप्पा मारायचास. मी पिशवी धरून उभी. मग ते वांगं तू घरी आणून थेट गॅसवर भाजायला ठेवलंस. धुराचा अलार्म वाजायला लागला, आणि खालच्या मजल्यावरच्या मादाम गाऊनवर धावत वर आल्या. "फायर? फायर?"

"नो फायर. भरीत," तू म्हणालास, जसं काही त्यांनी आयुष्यभर हा शब्द ऐकलाय. आणि त्यांना बशीत वाढलंस. त्या बाईंनी ते पावाला लावून खाल्लं, बशी पुसून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं वांगं घेऊन हजर. पुढचे सगळे दिवस आपला स्वयंपाकघराचा धंदा असा चालला. मी रागावले होते, पण त्या दुपारी, झडपांच्या फटीतून ऊन जमिनीवर पडलेलं आणि तू आणि मादाम हातवारे करत कांद्यावरून वाद घालताय, मला मनातून फार बरं वाटत होतं. हे तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी लाडावला असतास.

त्या गावाच्या डोक्यावर तो पडका किल्ला. भांडी घासताना खिडकीतून समोरच दिसायचा. रोज मी म्हणायचे, आज जाऊ या. रोज तू म्हणायचास, उद्या. शेवटच्या दिवशी मी बूट घालून दारात उभी राहिले, आणि तू आपला टेबलाशी पीच कापत बसलेला.

"किल्ला बाकी ठेवू, माधवी."

"तू? पुण्यात दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस तू!"

"म्हणूनच. किल्ले पाहिलेत मी पुष्कळ. हा राहू दे."

मी बूट काढून भिरकावले. एक बूट मादामच्या जिन्यात जाऊन पडला, आणि तो आणायलाही मीच खाली गेले.

मग उत्तर इंग्लंड. यॉर्कशरमधल्या त्या दगडी खोलीत आपण पंधरा दिवस राहिलो आणि बहुतेक वेळ पाऊस बघितला. समोर मेंढ्या, मेंढ्यांमागे दगडांची भिंत, भिंतीमागे आणखी मेंढ्या. तुला कंटाळा म्हणून नाही. चहाची किटली, शेकोटी, आणि तुझी ती खाणवाल्याची नजर, हा दगड कुठल्या थरातला आणि तो कुठल्या. मला आतापर्यंत दगडांची इतकी माहिती झाली आहे की तिचा उपयोग कुठे करावा कळत नाही. रात्री गावातल्या पबमध्ये जेवायला जायचो. तिथे बटाट्याबरोबर हिरवा गोळा वाढायचे, त्याला तू नाव ठेवलंस, मीठ-मसाला विसरलेली वाटाण्याची उसळ. पण ताट मात्र रोज स्वच्छ.

ज्यांचं घर होतं ते म्हातारे गृहस्थ मला रोज सकाळी विचारायचे, "बिन अप टू द वॉटरफॉल यट, लव्ह?" मी रोज नाही म्हणायचे आणि मला लाज वाटायची. त्यांच्या घरापासून अर्ध्या तासाची वाट. "बिट स्टीप अ‍ॅट द एंड," ते म्हणाले होते, "बट वर्थ इट." शेवटी एक दिवस ऊन पडलं आणि मी तुला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. ओढ्याच्या काठाने छान गेलो. तू मेंढ्यांशी मराठीत बोलत होतास. मग ते लाकडी फाटक आलं. पलीकडे वाट वर वळत होती आणि पाण्याचा आवाज येत होता. आवाज, हेमंत! दिसायचा तेवढा बाकी. आणि तू फाटकावर हात ठेवून थांबलास.

"हा बाकी."

"नाही. अजिबात नाही. मी चालले वर. तू थांब इथे."

"एकटी बघणार? मग बाकी कसली राहिली?"

तू हसत होतास. मी फाटक उघडलं, पलीकडे गेलेसुद्धा. पण मागे वळून पाहिलं तर तू दोन्ही हात फाटकावर टेकून माझ्याकडे असं बघत होतास की मी परत फिरले. परत आले, आणि मग दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. पबमध्ये उसळीचं ताट समोर आल्यावर तोंड उघडलं ते भांडायलाच. "तुझ्या या बाकीच्या नादात आपण म्हातारे होऊ, आणि आयुष्यात काहीएक पूर्ण बघितलेलं नसेल."

"मग म्हातारे होऊन परत येऊ," तू म्हणालास. "काठी घेऊन. किल्ला पण, धबधबा पण. प्रॉमिस."

ही तिकिटं त्याच प्रॉमिसची. फेब्रुवारीत तूच काढलीस, मला न विचारता, आणि मी इतकी खूश झाले की सुजाताला सांगितलं, नवरा सुधारला.

आता त्या हॉस्पिटलमधलं बोलते. बोलायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. छातीत दुखतंय म्हणून नेलं होतं, शनिवार होता, सगळे सांगत होते सोमवारी घरी जाल. ती तरुण डॉक्टर आली, तुझ्या पायाशी उभी राहिली आणि सहज विचारलं, चढावर धाप लागते, असं किती दिवसांपासून होतंय? मी सांगायला तोंड उघडलंच होतं की छे, काही नाही, रोज ओव्हलच्या मैदानाला फेऱ्या मारतो हा. तेवढ्यात तू म्हणालास, "अ व्हाइल."

मी तुझ्याकडे बघितलं. तू छताकडे.

"अ व्हाइल म्हणजे किती?" मी मराठीत विचारलं.

"घरी गेल्यावर सांगतो."

रविवारी सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन आले तोवर सगळं आटोपलं होतं. घरी गेल्यावर सांगणार होतास. तू घरी आलाच नाहीस, हेमंत. हे उत्तर तू बाकी ठेवलंस, आणि ही बाकी घेऊन मी कुठल्या गावाला परत जाऊ, ते सांग मला. किती दिवस? सहा महिने? दोन वर्षं? फ्रान्समध्ये होतं का? फाटकाशी होतं का? तीन आठवडे झाले, मला दुसरं काही सुचत नाही. भांडी घासताना तेच, ट्रेनमध्ये तेच. लोक म्हणतात, छान गेला, झिजला नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, छान काय, त्याने मला उत्तर दिलेलं नाही.

गेल्या रविवारी रेवा आली होती. तुझे फोटो लावून बसलो आम्ही दोघी. तिला विचारावंसं वाटलं, बाबा नक्की काय काय बाकी ठेवून गेला. मी सांगत गेले आणि ती फोनवर नकाशे उघडून बघत गेली. किल्ला. धबधबा. इंग्लंडमधली रोमन लोकांची ती भिंत, जी आपण खालच्या रस्त्यावरून पाहिली. आणि इथल्या फर्नट्री गलीच्या पायऱ्या, ज्या घरापासून एवढ्या जवळ असून तू गर्दी असते म्हणून टाळायचास. रेवाचं बोट नकाशावर थांबलं. आपली मुलगी फिजिओ आहे, दिवसभर लोकांना जिने चढवते.

"आई," ती म्हणाली, "दे आर ऑल अपहिल."

मला आधी कळलंच नाही. मग तिने फोन माझ्यापुढे धरला, प्रत्येक वाट चढाची. मी तो ढकलला. म्हटलं, खोटं. एस्परन्सचा किनारा सपाट होता, चार पावलांवर होता, मी पाहिलाय.

"दॅट वॉज बिफोर आय वॉज बॉर्न, आई."

मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं, पण तू हाताशी नव्हतास. ती बिचारी रडायला लागली आणि मग मी तिला धरून बसले, आणि दोघी मिळून तुझ्यावर रागावलो. मुलीला वडिलांची अशी आठवण काढावी लागते, शोभतं का हे तुला?

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट उलटसुलट करून बघते. मादामच्या घराचा जिना. बाजारातून येताना तू मधल्या वळणावर थांबायचास, तिथलं मांजर बघायला. मांजर होतं, हे खरं. रोज नसायचं, हेही खरं. सिंहगड कधी सुटला? आपण पुण्याला शेवटचे गेलो तेव्हा तुझ्या भावाने गडावर बोलावलं, तर तू म्हणालास गुडघा दुखतोय. कुठला गुडघा ते विचारायला हवं होतं, कारण मला आठवतंय, तू एकदा डावा सांगितलास आणि एकदा उजवा. म्हणजे माझ्या नवऱ्याचं येतो म्हणणं, ज्याच्या मी तिशीत प्रेमात पडले आणि पन्नाशीत ज्याच्यावर करवादले, त्यातलं किती खरं होतं आणि किती नुसती धाप झाकणं होतं? मला हेच हवंय. बाकी मला काही नको. तू गेलास हे मी कधीतरी मान्य करीन, सगळेच करतात. पण तू फाटकाशी हसलास ते माझ्याकडे बघून हसलास की श्वास मिळावा म्हणून वेळ काढत होतास, हे मला कळलं पाहिजे.

आणि सांगितलं असतंस तर काय झालं असतं, तेही मला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी तुला डॉक्टरकडे फरफटत नेलं असतं. मीठ बंद, तूप बंद, भरीत तेल न घालता, प्रवास रद्द. तू ओळखून होतास मला. तुला तीन आठवडे वांग्याशी आणि मादामशी गप्पा मारायच्या होत्या, पेशंट होऊन खिडकीशी बसायचं नव्हतं. ठीक आहे. पण त्या सुट्टीत मी पण होते ना? मला न सांगता तू एकट्याने ठरवलंस, की हिला यातलं काही कळायला नको. याला काय म्हणायचं? प्रेम म्हणणारे लोक सध्या रोज डबा घेऊन येतात. मी म्हणते आगाऊपणा.

एक मात्र कबूल करते, रागातच करते. तू जर किल्ले चढला असतास तर मला ती दुपार मिळाली नसती. कारण काहीही असो, धाप असो की तत्त्व, तुझ्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न संपवता बसायला शिकले. समोर तो न पाहिलेला किल्ला, हातात पीच, आणि तू शेजारी. इतकं सुख मला कुठल्या वरच्या टोकावर मिळालं असतं असं वाटत नाही. पण हे तू मला फसवून दिलंस की खरं दिलंस, तेवढं सांगून जायला काय झालं होतं?

आज फोन केला विमान कंपनीला. या वेळी एक मुलगा होता. तुझं तिकीट रद्द करताना त्याने कारण विचारलं आणि मी सांगितल्यावर तो दोनदा सॉरी म्हणाला. मीच त्याला म्हटलं, इट्स ओके, मेट. मग त्याने विचारलं, "अँड युअर्स?"

माझं ठेवलं.

रेवा म्हणाली, मी येते. मी नाही म्हटलं. "बट आई, व्हॉट विल यू डू अप देअर? अलोन?" तिला वाटतंय मी वर जाऊन रडणार आहे. सुजाताला वाटतंय मला वेड लागलंय. मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, तुलाच सांगते.

मला धबधब्याचा तो चढ बघायचा आहे. ते म्हातारे घरमालक म्हणाले होते, बिट स्टीप. त्यांचं बिट म्हणजे किती, ते पायांनीच कळेल. फाटकातून मी सरळ वर जाणार, मध्ये न थांबता. तो चढ जर असा निघाला की धडधाकट माणसालासुद्धा धाप लागावी, तर प्रश्न मिटला. मग त्या दिवशी फाटकाशी कुणी आजारी माणूस थांबलेला नव्हता, माझा हट्टी नवराच होता, आणि हसला तो माझ्याकडे बघूनच हसला. पंचाईत एवढीच आहे की मी रोज चालते, मला सहसा धाप लागत नाही.

नाही लागली तर मी खाली येईन, फाटकाला हात लावीन, आणि पुन्हा चढायला लागेन. लागेपर्यंत चढेन, हेमंत.